स्प्रे लायनर: हौद्याला हो, केबिनला जपून

बारामती-इंदापूर पट्ट्यात गाडीचा पत्रा पावसानं सडत नाही. हे पर्जन्यछायेतले तालुके. कोकणासारखी चार महिन्यांची संततधार इथं कुणी पाहिलेली नाही. तरीही दहा वर्षं राबलेल्या पिकअपच्या हौद्याचे कोपरे बघा, किंवा जुन्या जीपमधली पायाखालची मॅट उचलून बघा. खालचा रस्ता दिसेल. दोष आपण गाडीत जे भरतो त्याचा. खताच्या फुटक्या गोण्या, मुरघासाचा पाझर, कॅनमधून हिंदकळलेलं दूध, भिगवणच्या बाजारातून निघालेल्या मासळीच्या क्रेटमधलं बर्फाचं पाणी. खतातलं म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ओल लागली की ते पत्र्याशी मिठासारखंच वागतं. मुरघास टिकतो तो आंबटपणामुळे, आणि तोच आंबट पाझर रंगाला ओरखडा असेल तिथून आत शिरतो. नीरा डाव्या कालव्याखालच्या चोपण रानातला खारवट चिखल बुटांबरोबर केबिनमध्ये येतो तो वेगळाच.

यावरचा उपाय म्हणून हल्ली स्प्रे लायनरचं, म्हणजे पत्र्यावर फवारायच्या संरक्षक थराचं, नाव ऐकू येतं. अमेरिकेत पिकअपच्या हौद्यासाठी निघालेली ही गोष्ट. तिथून ती जंगल-डोंगरात गाड्या घालणाऱ्या हौशी मंडळींकडे आली आणि त्यांनी ती हौद्यातून उचलून केबिनमध्ये नेली: सीट काढा, कारपेट फेकून द्या, तळाची सगळी पत्र्याची चादर फवारून घ्या, मग आतून पाइपनं धुवा. थार, गुरखा, जिम्नी घेतलेली आपल्याकडची तरुण मुलंही आता तेच विचारतात. उजनीच्या फुगवट्याच्या कडेनं कुंभारगावला पक्षी बघायला जाणारे विचारतात, आणि कडबनवाडीच्या माळावर फिरणारेही.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे घाईत असलेल्याला पुढचं वाचायची गरज नाही. मालाच्या हौद्याला हा खर्च वसूल होतो. सगळी उघडून नव्यानं बांधायला काढलेल्या जुन्या जीपच्या केबिनलाही होतो. शोरूममधून आलेल्या नव्या गाडीच्या केबिनला मात्र तो बहुतेक वेळा वाया जातो, आणि कधी कधी नुकसानही करतो.

नेमकं काय फवारतात

दोन डबे असतात. एकात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिऑल किंवा अमाइन जातीची राळ. दोन्ही एकत्र आले की रासायनिक क्रिया होऊन कडक पण लवचिक, खरखरीत थर तयार होतो. तो रंगासारखा नुसता वाळत नाही, एकदा जमला की जमला. पॉलियुरेथेन सावकाश जमतं, पॉलियुरिया काही सेकंदांत.

करायच्या पद्धती दोन, आणि ग्राहकाची फसगत होते ती इथेच, कारण दोन्हींना एकाच नावानं ओळखतात. पहिली पद्धत किटची. बाटलीत तीन भाग राळ, एक भाग हार्डनर घालून हलवायचं, कॉम्प्रेसरला साधी गन लावायची आणि मारायचं. रॅप्टर या नावाचं किट यातलं सगळ्यात ओळखीचं. त्याच्या चार बाटल्यांत मिळून चार लिटर माल होतो. दोन हात मारल्यावर थर येतो साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. हे काम गावातला चांगला पेंटर करू शकतो. दुसरी पद्धत मशीनची. दोन्ही द्रव तापवून, प्रचंड दाबानं गनच्या तोंडाशी एकत्र आणतात आणि दोन-तीन मिलिमीटरचा थर एका दमात देतात. ही मशीन गाड्यांपेक्षा गच्ची आणि पाण्याच्या टाक्यांच्या वॉटरप्रूफिंगवाल्यांकडे जास्त दिसतात. गाड्यांसाठी म्हणून मशीनचं काम हवं असेल तर पुणे-पिंपरीची वाट धरावी लागेल असं गृहीत धरा. बारामतीहून शंभरेक किलोमीटर, इंदापूरहून आणखी लांब. जाण्यायेण्याचं डिझेल आणि गाडी अडकून पडलेले दिवस हिशेबात धरलेच पाहिजेत.

आणखी एक भेद विचारून घ्यायचा. ॲरोमॅटिक प्रकारचा माल स्वस्त असतो, पण उन्हात काळ्याचा राखाडी होतो आणि रंगीत असेल तर पिवळा पडतो. ॲलिफॅटिक महाग, पण ऊन सोसतो. उघड्या हौद्याला दुसरा घ्यावा किंवा वरून उन्हाला टिकणारा हात मारून घ्यावा. केबिनमध्ये, सावलीत, पहिल्यानं फारसं बिघडत नाही.

हौद्याचा हिशेब

पुढचे आकडे हिशेबाला धरायचे अंदाज आहेत, कुणाचं दरपत्रक नव्हे. तुमच्या गाडीचं माप टेपनं घ्या आणि त्यात घाला.

समजा हौदा साडेआठ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. तळ झाला ४७ चौरस फूट. चारी बाजू, फाळका धरून, ४२. एकूण ८९, म्हणजे सव्वाआठ चौरस मीटर. मशीनच्या कामाला चौरस फुटाला १५० ते ३०० रुपये धरले तर सव्वातेरा ते पावणेसत्तावीस हजार; त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे पावणेसोळा ते साडेएकतीस हजार. किटनं केलं तर चार लिटर माल एवढ्या हौद्याला बेताचा पुरतो. किट ब्रँडप्रमाणे दहा ते वीस हजारांच्या घरात, आणि पेंटरची मजुरी चार ते सात हजार. म्हणजे स्वस्त म्हणून किट घेतलं तरी बचत वाटते तेवढी होत नाही, आणि थर मिळतो मशीनच्या चौथाई-पाचवा हिस्सा. ज्या हौद्यात लोखंडी अवजारं, पाइप किंवा दगड ओढले जातात त्याला अर्धा मिलिमीटर पुरणार नाही. नुसत्या दुधाच्या कॅन आणि डाळिंबाचे क्रेट असतील तर पुरेल.

वजनाची भीती काही जण घालतात, ती फुकाची आहे. दोन मिलिमीटरचा थर या सगळ्या हौद्याला दिला तर साडेसोळा लिटर माल बसतो, म्हणजे सतरा-अठरा किलो. याच तळाला तीन मिलिमीटरची लोखंडी चेकर प्लेट टाकली तर शंभर किलोच्या वर जाते, आणि प्रत्येक खेपेला तेवढा माल कमी भरावा लागतो.

आता पर्याय. आपल्या भागात एक पर्याय दारातच पडलेला असतो: गोठ्यात गायींच्या पायाखाली टाकतात ती रबर मॅट. साडेसहा बाय चारची एक मॅट दोन ते साडेतीन हजारांत मिळते, दोन मॅटमध्ये तळ झाकतो, जास्तीची कापून टाकायची. जड माल आपटला तरी पत्र्याला पोचा पडू देत नाही; या बाबतीत ती फवाऱ्याच्या थरापेक्षा सरस आहे. तिचा दोष एकच, पण मोठा. खाली पाणी आणि खत साचतं, कुणाला दिसत नाही, आणि पत्रा तिथंच सडतो. आठवड्याला उचलून खालून धुवायचा नेम असेल तर मॅट घ्या. एक मॅट तीस-चाळीस किलोची असते. ती उचलायला दोन माणसं लागतात, त्यामुळे हा नेम किती दिवस चालेल हे ज्याचं त्यानं ठरवावं. खत आणि मुरघास रोज वाहणाऱ्याला मी फवारून घ्यायला सांगेन आणि वरून एकच मॅट टाकायला सांगेन, मधल्या भागात, जिथं माल आपटतो.

ॲल्युमिनियमची चेकर प्लेट दिसायला देखणी, वजनाला हलकी. पण लोखंडाला टेकून खारं पाणी मध्ये राहिलं की दोन धातूंच्या जोडीत ॲल्युमिनियम झिजायला लागतं. मासळीच्या गाडीला ती नकोच.

केबिनचं गणित वेगळं का

तीन दारी जीपच्या आतली चादर पस्तीस-चाळीस चौरस फुटांची. वरचाच दर लावला तर सहा ते बारा हजारांत काम व्हावं. होत नाही. कारण केबिनमध्ये खरा खर्च फवारण्याचा नसतो, उघडण्या-जोडण्याचा असतो. सीट, सीटबेल्टचे बोल्ट, मधला कन्सोल, हँडब्रेकचं कव्हर, दाराच्या पट्ट्या, कारपेट, त्याखालचं फेल्ट, चादरीवरून गेलेली वायरिंगची जुडी, हे सगळं काढायचं आणि परत जसंच्या तसं बसवायचं. नीट करणाऱ्याचे यात दोन दिवस जातात. पाच ते दहा हजार याचे वेगळे धरा. गंज निघाला आणि तुकडा मारावा लागला तर त्याची वेल्डिंग वेगळी. म्हणजे बारा हजारांचं वाटणारं काम पंचवीसच्या पुढं सहज जातं.

आणि इथंच माणसं घाई करतात. आधुनिक गाडीत सीटखालून एअरबॅगची वायर जाते, तिचा कनेक्टर बहुधा पिवळा असतो. बॅटरी सोडून काही मिनिटं थांबल्याशिवाय त्याला हात लावायचा नसतो. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स मधल्या बोगद्यावर, म्हणजे नेमका आपण फवारणार त्याच चादरीवर बसवलेला असतो. सीटबेल्टचा बोल्ट अमुक इतक्या ताकदीनंच आवळायचा असतो. त्याच्या भोकात आणि आट्यांत लायनर भरला तर तो आवळल्यासारखा वाटतो पण बसलेला नसतो. म्हणून पेंटर कितीही हुशार असला तरी उघडणं-जोडणं मेकॅनिकच्या हातून करून घ्या आणि प्रत्येक भोक, बूच, आटा टेपनं झाकला आहे ना ते फवारण्याआधी स्वतः बघा.

मग पाइपनं धुण्याची गोष्ट. २०२० मध्ये आलेल्या थारच्या काही प्रकारांत कंपनीनंच धुता येणारी चादर आणि पाणी काढायची बुचं दिली. कंपनीनं तसं दिलं आहे तिथं वेगळा लायनर मारून मिळणार काय? आणि जिथं दिलेलं नाही तिथं लायनर मारल्यानं चादर पाण्याला तयार होते. तिच्यावरची वायरिंग आणि कनेक्टर होत नाहीत. वॉशिंग सेंटरचा दाबाचा पाइप केबिनमध्ये घालणं हे हजारांच्या लायनरपायी लाखाचं इलेक्ट्रॉनिक्स भिजवणं आहे. ओलं फडकं आणि बादली एवढ्यावर भागवायचं असेल, तर तेवढं जाड रबर मॅटवरही भागतं.

उकाड्याचं कुणी आधी सांगत नाही. कारपेट आणि फेल्ट शोभेला नसतात. ते गिअरबॉक्सची आणि सायलेन्सरची आच अडवतात, आवाज पितात. ते काढून दोन मिलिमीटरचा थर दिला तर खड्यांचा टणटणाट थोडा दबतो खरा, पण फेल्टची जागा तो घेत नाही. इंदापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सोलापूर रस्त्यावर दोन तास चालवून बघा, टाच सांगेल. वर पुन्हा खरखरीत पृष्ठभाग. तो पाय घसरू देत नाही हा गुण, आणि वाळलेला काळा चिखल त्याच्या खाचांत असा धरून ठेवतो की नुसत्या झाडूनं निघत नाही, हा अवगुण. मागे मुलं गुडघ्यावर बसत असतील तर बारीक पोत मागून घ्या.

केबिनला हो म्हणावं अशी गाडी मग कोणती? जुनी एमएम ५४०, कमांडर, मेजर, जिप्सी. जिच्यात फेल्ट नावालाच उरलं आहे, इलेक्ट्रॉनिक्स जवळपास नाहीच, आणि जी तशीही डेंटिंग-पेंटिंगला पूर्ण उघडली आहे. उघडण्याचा खर्च झालेलाच असतो, फक्त मालाचे आणि फवारण्याचे पैसे वाढतात. तिथं यासारखा टिकाऊ उपाय नाही.

नव्या गाडीला एवढंच करा: गाडीच्या मापाच्या उंच कडांच्या मॅट घ्या, तीन ते सहा हजारांत येतात. पावसाळ्याच्या शेवटी एकदा कारपेटचा कोपरा उचलून फेल्ट दाबून बघा. ओलं लागलं तर दाराचं रबर किंवा एसीचा पाण्याचा पाइप तपासा. गळती चालू असताना वर काहीही फवारलं तरी पाणी आपला रस्ता शोधतं.

खाली काय दडलंय

लायनरचं आयुष्य त्याच्या ब्रँडवर जितकं, त्याहून जास्त खालच्या तयारीवर अवलंबून असतं. जुना सुटलेला रंग आणि गंज घासून काढायचा, गंजाचे खड्डे उघड्या पत्र्यापर्यंत न्यायचे, पत्रा उघडा पडला तिथं इपॉक्सी प्रायमर, बाकी सगळीकडे खरखरीत पॉलिश पेपर, मग तेल-मेण काढणारं द्रावण. खत-मुरघासाच्या हौद्याला याआधी भरपूर पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवणं आलंच. क्षार पत्र्यावर राहिला तर थराखाली फोड येतात. हे सगळं करायला एक दिवस लागतो. सकाळी गाडी लावा, संध्याकाळी घेऊन जा म्हणणाऱ्याकडे लावू नका.

गंजावरच फवारून दिलं तर पहिल्या दिवशी दोन्ही कामं सारखीच दिसतात. नंतर कडेनं थर सुटतो, आत ओल शिरते आणि ती बाहेर पडत नाही. उघडा गंज तुम्हाला दिसतो तरी; हा दिसत नाही. शिवाय हा थर काढायचा म्हणजे ग्राइंडर आणि हीट गन, आणि त्याची मजुरी लावण्यापेक्षा जास्त. पुढं कधी वेल्डिंग करायचं झालं तर त्या जागेचा लायनर आधी खरवडून काढायला सांगा. तो पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

म्हणूनच जुन्या बाजारातून गाडी घेताना आत कोराकरकरीत काळा लायनर दिसला तर खूश होऊ नका. वाकून खालून बघा. चादर खालून हातोडीच्या दांड्यानं ठोका, बोदा आवाज आला तर तिथं पत्रा उरलेला नाही. लोहचुंबक फिरवा, लांबी भरलेल्या जागी तो धरत नाही. अशा गाडीला मी पंधरा-वीस हजार कमी सांगेन, आणि मालक खालून बघू देत नसेल तर तिथून निघेन.

चेसिस नंबरचंही बघा. काही गाड्यांत तो सीटखालच्या चादरीवर किंवा जवळच्या भागावर ठोकलेला असतो. तो लायनरखाली गेला तर ट्रान्सफरच्या वेळी पेन्सिल प्रिंट निघणार नाही, आणि मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं, तिथंही तो दाखवावा लागेल. फवारण्याआधी त्यावर चिकटपट्टी हवीच. आतला थर हा गाडीच्या रचनेतला बदल होत नाही, पण बाहेरची सगळी बॉडी वेगळ्या रंगाच्या लायनरनं मढवली तर आरसीवरची रंगाची नोंद बदलून घ्यावी लागते. गाडी वॉरंटीत असेल तर गंजाची वॉरंटी राहते का, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. तोंडी उत्तराला पुढं किंमत नसते.

काम देताना

दिवस निवडताना हवा बघा. आयसोसायनेटला ओलावा चालत नाही. दमट हवेत थरात बुडबुडे धरतात. त्यामुळे जून ते सप्टेंबर सोडा. उसाच्या गाळपात पिकअपला उसंत नसते, तेव्हा कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, सकाळच्या वेळी करून घेतलेलं बरं. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर माल पसरायच्या आत जमतो.

फवारताना तिथं थांबू नका, आणि पोरांना तर नेऊच नका. आयसोसायनेटच्या तुषारांनी दमा जडतो आणि एकदा शरीरानं धसका घेतला की पुढं थोड्याशानंही त्रास होतो. फवारणारा तोंडाला रुमाल बांधून काम करत असेल तर त्याला माल कळलेला नाही असं समजा. या कामाला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. किटच्या कामानंतर हलका वापर दोन-तीन दिवसांनी, आणि आठवडाभर जड माल नाही. केबिन असेल तर वास जाईपर्यंत दारं उघडी ठेवून गाडी सावलीत उभी करा.

कोटेशन किमान दोघांकडून घ्या आणि ते नुसत्या एका रकमेचं नको. मालाचं नाव, पॉलियुरेथेन की पॉलियुरिया, ॲरोमॅटिक की ॲलिफॅटिक, किती चौरस फूट, किती मिलिमीटर, प्रायमर कोणता, उघडण्या-जोडण्याची मजुरी कोणाकडे, किती वर्षांत थर सुटला तर फुकट करून देणार, हे त्यात लिहून घ्या. जाडी मोजायचं छोटं यंत्र जुन्या गाड्या तपासणाऱ्यांकडे असतं. डिलिव्हरीच्या वेळी तळ, कोपरे आणि चाकांवरचा उंचवटा अशा ठिकाणी लावून बघा. थर पातळ राहतो तो कोपऱ्यांत. घासून झाल्यावर आणि प्रायमर झाल्यावर असे दोन फोटो मोबाइलवर मागा. हे फोटो द्यायला जो खळखळ करतो त्याचं काम मी घेणार नाही.

आगाऊ रक्कम मालाच्या किमतीपुरती द्या, बाकीची गाडी ताब्यात घेताना. जीएसटीचे पैसे वाचवायला बिनबिलाचं काम करून घेतलं तर तक्रारीला आधारच उरत नाही. बिल असेल आणि थर वर्षात सुटला तर आधी दुकानदाराला लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तरीही जमलं नाही तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथं शुल्क लागत नाही.